काळजी करणे आणि काळजी घेणे : लक्ष्मीबाईंच्या श्रद्धेचे आपण काय केले?

'स्मृतिचित्रे' हा मराठी आत्मचरित्रवाङ्मयातील श्रेष्ठ ग्रंथ आहे याविषयी मराठीच्या अध्यापकांत मतभेद नाहीत, आणि मतभेद नाहीत हीच आमची पहिली तक्रार आहे. एखाद्या ग्रंथाविषयी सर्वांचे एकमत झाले, की तो वाचला जाणे थांबते आणि वंदिला जाणे सुरू होते. लक्ष्मीबाई टिळकांचे तसेच झाले आहे. पदवी आणि पदव्युत्तर वर्गांच्या उत्तरपत्रिका आम्ही वर्षानुवर्षे तपासत आलो आहोत. त्यांतील लक्ष्मीबाई ठरलेल्या असतात : निर्मळ विनोद, प्रांजळ निवेदन, घरगुती बोलीचा गोडवा आणि लहरी कविपतीचा संसार हसतमुखाने ओढणारी मानी स्त्री. या सगळ्यात त्यांची श्रद्धा कुठे असते? 'पुढे १९०० साली त्यांनी ख्रिस्ती धर्माचा स्वीकार केला' एवढ्या एका वाक्यात. नोकरदाराची बदली नोंदवावी तशी ही नोंद होते आणि उत्तर पुन्हा विनोदाकडे वळते. दोष विद्यार्थ्याचा नाही. त्याच्या हाती पडणारी मार्गदर्शके आणि त्यांच्यामागे उभी असलेली रूढ समीक्षा त्याला हेच सांगत आलेली आहे.

हा लेख त्या एका वाक्याविरुद्ध आहे. आमचे म्हणणे असे, की लक्ष्मीबाईंचा विनोद आणि त्यांची श्रद्धा यांची फारकत करता येत नाही. रोजच्या विवंचनांना त्यांची खरी उंची दाखवणारी एक दृष्टी या ग्रंथात आहे. ती दृष्टी लक्ष्मीबाईंना ख्रिस्ती श्रद्धेतून लाभली. ती काढून घेतली तर हाती उरतो तो किश्श्यांचा संग्रह. मग तो कितीही गोड असो.

मात्र हे म्हणताना दुसऱ्या बाजूलाही तोंड द्यावे लागते. एकीकडे श्रद्धेला वगळणारे समीक्षक आहेत, तर दुसरीकडे श्रद्धेची गोळी करून वाटणारे उपदेशक आहेत. चिंता सोडा, सगळे देवावर सोपवा, मन प्रसन्न ठेवा, असे सांगणारी व्याख्याने, पुस्तके, दिनदर्शिका आणि सकाळी सकाळी मोबाइलवर येऊन पडणारी सुविचारांची चित्रे यांना आज तोटा नाही. आणि हा माल कोणा एका धर्माच्या दुकानात मिळतो असेही नाही. पहिला पक्ष श्रद्धेला किरकोळ समजतो आणि दुसरा पक्ष काळजीला. आम्हांला दोन्ही पक्ष सारखेच अमान्य आहेत.

१

या विषयात मराठी भाषेने आपली मोठी सोय करून ठेवली आहे. 'काळजी' हा शब्द एक, पण त्याला जोडायची क्रियापदे दोन. 'काळजी करणे' म्हणजे मनाला घोर लावून घेणे, आणि 'काळजी घेणे' म्हणजे माणसाची वा कामाची जबाबदारी उचलणे. तापाने फणफणलेल्या मुलाच्या उशाशी बसलेली आई रात्रभर दोन्ही गोष्टी करत असते. तरीही कपाळावरची ओली पट्टी बदलणारा हात आणि उद्याच्या भीतीने गोठलेले मन यांतला फरक तिला कोणी समजावून सांगावा लागत नाही. घेतलेली काळजी दुसऱ्याकडे पाहते, केलेली काळजी बहुधा स्वतःभोवती घिरट्या घालते. 'काळजी करू नका' आणि 'काळजी घ्या' ही दोन वाक्ये आपण निरोप घेताना एका दमात म्हणतो आणि त्यांत आपल्याला विसंगती जाणवत नाही.

नव्या कराराच्या ग्रीक भाषेत ही सोय नाही, आणि म्हणूनच तिथली गंमत पाहण्यासारखी आहे. मत्तयकृत शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात, म्हणजे ज्याला आपण डोंगरावरील प्रवचन म्हणतो त्यात, अन्नवस्त्राविषयी जे करू नका असे येशू सांगतो त्यासाठी 'मेरिम्नाओ' हे क्रियापद आले आहे. फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात पौल हेच क्रियापद वापरून कशाविषयीही चिंताक्रांत होऊ नका असे बजावतो. पण त्याच पत्राच्या दुसऱ्या अध्यायात तीमथ्याची स्तुती करताना, हा तुमची मनापासून काळजी वाहील असे सांगताना, पौलाच्या लेखणीतून हेच क्रियापद उतरते. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या अकराव्या अध्यायात तर तो फटके, तुरुंग, जहाजफुटी, भूक आणि थंडी यांची लांबलचक यादी देतो आणि अखेरीस सर्व मंडळ्यांच्या काळजीचा रोजचा भार आपल्यावर आहे असे सांगतो. तिथले नामही त्याच धातूचे आहे. चिंता करू नका असे तुरुंगातून लिहिणारा माणूस दररोज काळजी वाहत होता, आणि त्याला त्यात लपवण्यासारखे काही वाटत नव्हते.

सुविचारांचे विक्रेते नेमके हेच लपवतात. पाखरे पेरीत नाहीत आणि कापणीही करीत नाहीत, रानफुले कातीत नाहीत, हा भाग ते उचलतात आणि त्याच्या मागचापुढचा मजकूर गाळतात. मत्तयाच्या अध्यायात हा उपदेश येण्याआधी देव आणि धन या दोन धन्यांची चाकरी एकाच वेळी करता येत नाही असे सांगितलेले आहे. लूकने तर हाच उपदेश बाराव्या अध्यायात एका गोष्टीच्या पाठोपाठ ठेवला आहे : भरघोस पीक आलेला श्रीमंत जुनी कोठारे पाडून मोठी बांधायचे ठरवतो आणि त्याच रात्री मरतो. चिंतेवरची ही टीका सर्वप्रथम कोठारावरची टीका आहे. शिवाय मत्तयाच्या त्या अध्यायाचा शेवट कोणालाही खोटा दिलासा देत नाही. आजच्या दिवसापुरते दुःख आजच्या दिवसाला आहेच, हे तिथे मान्य केलेले आहे. उद्याचे दुःख आज ओढून आणू नये एवढेच सांगणे आहे. त्याच अध्यायातली प्रार्थनासुद्धा भाकरी मागते ती त्या त्या दिवसाची. अरण्यात भटकणाऱ्या इस्राएलांना मिळालेला मान्ना दुसऱ्या दिवसासाठी साठवला की त्यात किडे पडत, ही निर्गमाच्या सोळाव्या अध्यायातली कथा ज्या श्रोत्यांना तोंडपाठ होती, त्यांना या प्रार्थनेचा रोख वेगळा सांगण्याची गरज नव्हती.

तेव्हा प्रश्न काळजी असावी की नसावी असा नाही. कोणत्या काळजीला केवढी जागा द्यायची, असा आहे. यालाच आम्ही प्रमाणबोध म्हणतो, आणि विनोद हा प्रमाणबोधाचा सख्खा भाऊ आहे.

२

नारायण वामन टिळकांना ख्रिस्ताकडे ओढले ते याच डोंगरावरील प्रवचनाने. रेल्वेच्या प्रवासात एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला आणि त्यातील या प्रवचनापाशी ते खिळून राहिले, ही हकिकत प्रसिद्ध आहे. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. लक्ष्मीबाईंच्या दृष्टीने मात्र हा दिवस आकाश कोसळण्याचा होता. पुढची सुमारे पाच वर्षे नातेवाइकांच्या आधाराने, नवरा जिवंत असून नसल्यासारखा, अशी त्यांनी काढली. त्या काळातला मनस्ताप 'स्मृतिचित्रां'त झाकलेला नाही. श्रद्धेने दुःख नाहीसे होते असे ज्यांना सिद्ध करायचे आहे त्यांनी या ग्रंथाच्या वाटेला जाऊच नये.

ही दृष्टी ग्रंथात काम कशी करते ते पाहण्यासाठी सोवळ्याचे उदाहरण पुरे आहे. लक्ष्मीबाईंचे वडील कमालीचे सोवळे. घरात येणारी वस्तू न् वस्तू धुऊन घेण्याचा त्यांचा अट्टहास, आणि त्यापायी घरातील बायकामुलांची उडणारी त्रेधा, यांनी ग्रंथाची सुरुवातीची पाने भरलेली आहेत. आम्ही ती पाने हसत हसत वाचतो. पण या हसण्याचा अर्थ काय? इथे धर्म हाच काळजीचा कारखाना झालेला आहे. स्पर्शाची भीती, सावलीची भीती, पाण्याची भीती. या भीतीत वाढलेली मुलगी पुढे नगरला नवऱ्याकडे राहायला गेली तेव्हा आपले सोवळे बरोबर घेऊनच गेली. तिचे अन्न वेगळे, तिचे पाणी वेगळे. मग जात देवाने केली की माणसाने, हा प्रश्न तिने स्वतःला विचारला, आणि उत्तर मिळाल्यावर सोवळे गळून पडले.

इथे नेमके काय बदलले? घरातले दारिद्र्य बदलले नाही. टिळकांच्या हाती आलेला पैसा पूर्वीही टिकत नव्हता, पुढेही टिकला नाही. बदलले ते काळज्यांचे आकारमान. कोणाच्या हातचे पाणी प्यायचे ही काळजी डोंगराएवढी होती ती खड्याएवढी झाली, आणि कोणाच्या पोराला पाणी मिळत नाही ही काळजी पूर्वी दृष्टीच्या टप्प्यातच नव्हती ती समोर येऊन उभी राहिली. त्या घरात पुढे पोरकी मुले येत राहिली. प्लेगच्या दिवसांत लक्ष्मीबाई रुग्णांच्या शुश्रूषेला उभ्या राहिल्या. स्पर्शाला भिणाऱ्या बापाची लेक साथीच्या रोग्याला हात लावते, यापेक्षा मोठे स्थित्यंतर मराठी आत्मचरित्रांत शोधूनच काढावे लागेल. आणि आपण त्याची नोंद 'धर्मांतर' या कोरड्या, सरकारी शब्दाने करतो.

यावर पहिला आक्षेप येईल तो असा, की विनोद हा लक्ष्मीबाईंचा मूळ पिंडच होता. त्याचा श्रद्धेशी संबंध जोडणे ओढूनताणून आहे. पिंडाची गोष्ट आम्ही नाकारत नाही. माजघरातल्या बायकांच्या बोलण्यातला तिखटपणा आणि नक्कल करण्याची हौस लक्ष्मीबाईंनी धर्माबरोबर मिळवली नव्हती. पण 'स्मृतिचित्रे' १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत प्रसिद्ध झाली. लिहिणारी बाई साठी ओलांडलेली आहे आणि तीन दशकांहून अधिक काळ ख्रिस्ती आहे. ज्या वडिलांनी बालपण भीतीत घालवायला लावले आणि ज्या पतीने न विचारता आयुष्य उलटेपालटे केले, त्या दोघांविषयी ती लिहिते तेव्हा हिशेब सगळा मांडते, पण सूड घेत नाही. पिंडातून विनोद येईल, उपहास येईल, टोमणा येईल. हिशेब चुकता न करता मांडता येणे हे पिंडातून येत नाही, ते शिकावे लागते. जिने क्षमेची प्रार्थना रोज म्हटली तिने ते कुठे शिकले असेल हे न विचारण्याइतकी आपली समीक्षा भिडस्त का व्हावी?

आणि आणखी एक पुरावा तर आपल्या डोळ्यांसमोर पडून आहे. टिळकांनी आरंभिलेले 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य त्यांच्या हयातीत साडेदहा अध्यायांवर थांबले. पुढचे ६४ अध्याय लक्ष्मीबाईंनी रचले, आणि त्यांच्या निधनानंतर दोन वर्षांनी, १९३८ साली, ते प्रसिद्ध झाले. शाळेचे तोंड न पाहिलेल्या एका स्त्रीने ख्रिस्तचरित्राचे ६४ अध्याय लिहावेत आणि आपण तिच्या श्रद्धेला एक वाक्य द्यावे, हे प्रमाण कोणत्या प्रमाणबोधात बसते?

३

दुसरा आक्षेप याहून गंभीर आहे, आणि तो आमच्या विद्यार्थिनींनी वर्गात अनेकदा घेतलेला आहे. पाखरासारखे जगण्याची मुभा टिळकांना मिळाली, कारण कोठार सांभाळायला घरात लक्ष्मीबाई होत्या. उद्याची चिंता न करणाऱ्या प्रत्येक संतामागे उद्याचे पीठ कुठून आणायचे याची चिंता करणारी एक बायको असते. मग पुरुषाच्या निश्चिंतीला श्रद्धा म्हणायचे आणि बाईच्या कष्टाला विनोदी शैली म्हणायचे, हा कुठला न्याय?

हा आक्षेप आम्ही परतवून लावणार नाही, कारण तो खरा आहे. १९१७ साली टिळकांनी मिशनची पगारी सेवा सोडली आणि पुढे साताऱ्यात 'देवाचा दरबार' उभा करण्याचा ध्यास घेतला. ९ मे १९१९ रोजी त्यांचे निधन झाले. या सर्व उड्डाणांखाली घर चालवण्याचे काम लक्ष्मीबाईंच्या वाट्याला आले. मार्था आणि मरिया या बहिणींची जी गोष्ट लूकच्या दहाव्या अध्यायात आहे, तीत पुष्कळ गोष्टींची दगदग करणाऱ्या मार्थेला सौम्य बोल ऐकावे लागतात. स्वयंपाकघरात उभे राहून ही गोष्ट वाचणाऱ्या कोणत्या बाईला मार्थेची बाजू घ्यावीशी वाटली नसेल?

परंतु आक्षेप घेणाऱ्यांनी एक गोष्ट पाहावी. टिळकांच्या निश्चिंतीवरची ही टीका करायला बाहेरून कोणी यावे लागत नाही. ती खुद्द 'स्मृतिचित्रां'त आहे, पानोपानी आहे, आणि ती करणारी स्त्री श्रद्धाळू आहे. टिळकांच्या उदारपणाची थोरवी लक्ष्मीबाईंना पटलेली असते आणि त्याच वेळी डब्यात काय शिल्लक आहे हेही ठाऊक असते. त्या दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी ठेवतात आणि गप्प राहतात. हसू फुटते ते त्या शेजारामुळे. ही टीका अश्रद्धेतून आलेली नाही. काळजी करणे सोडून देणे म्हणजे काळजी घेणे दुसऱ्यावर ढकलणे नव्हे, हे टिळकांपेक्षा लक्ष्मीबाईंना अधिक नीट कळले होते असे आमचे मत आहे. टिळकांना डोंगरावरील प्रवचनातली पाखरे दिसली. त्या पाखरांना खाऊ घालणारे कोणीतरी असते, हा त्याच वाक्याचा उत्तरार्ध लक्ष्मीबाई जगल्या.

म्हणूनच त्यांना केवळ 'सोशिक' म्हणणे जसे चूक, तसे त्यांना श्रद्धेपासून सोडवून निव्वळ बंडखोर ठरवणेही अपुरे. शांता गोखले यांच्या २०१७ मधील इंग्रजी अनुवादाच्या उपशीर्षकात लक्ष्मीबाई तेजस्वी, बाणेदार पत्नी म्हणून येतात. त्या तशा होत्याच. पण या बाणेदारपणाला पाठीचा कणा कुठून मिळाला, हा प्रश्न शीर्षकाने सुटत नाही. स्त्रीवादी वाचनाने लक्ष्मीबाईंना मराठी वर्गात पुन्हा जिवंत केले याबद्दल आम्ही कृतज्ञ आहोत. त्याच वाचनाने एका बाईच्या आयुष्यातील सर्वांत मोठा निर्णय तिचा स्वतःचा मानावा, एवढीच आमची मागणी आहे. पाच वर्षे विरोध करून, विचार करून, मग पतीच्या मार्गाने आलेल्या स्त्रीला 'पतीपाठोपाठ गेली' असे म्हणणे हा तिच्या बुद्धीचा अपमान आहे.

४

तिसरा आक्षेप जुना आणि भारदस्त आहे. काळजीला श्रद्धेच्या मापाने लहान करणे म्हणजे अन्यायाला पाठीशी घालणे, असे तो सांगतो. मार्क्सने १८४४ साली धर्माला अफूची उपमा दिली ती आपल्या सर्वांना पाठ असते. त्याच परिच्छेदात त्याने धर्माला पिडलेल्या जीवाचा सुस्काराही म्हटले आहे, याची आठवण थोड्यांना असते. अफूची भीती रास्त आहे. प्रमाणबोध शिकवणारा वर बसलेला असेल आणि शिकणारा उपाशी असेल, तर तो प्रमाणबोध नव्हे, ती फसवणूक आहे.

हे ओळखण्यासाठी पंडिता रमाबाईंकडे पाहावे. १८७० च्या दशकात दुष्काळ आणि उपासमारीत त्यांनी आईवडील आणि बहीण गमावली. १८८२ साली पती बिपिनबिहारी मेधावी गेले तेव्हा लग्नाला दोन वर्षेही पुरी झाली नव्हती. या बाईला कोणी पाखरांचा दाखला देऊन समजूत घातली असती तर ती क्रूर थट्टा ठरली असती. पण १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुलीबाळींना केडगावला घेऊन येणारी हीच बाई होती. देव पुरवील ही त्यांची श्रद्धा पक्की होती. तरी 'मुक्ती'त विहिरी खोदल्या गेल्या, शेती झाली, माग चालले, छापखाना चालला. आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत त्यांनी मूळ भाषांवरून संपूर्ण बायबलचे मराठी भाषांतर पुरे केले. श्रद्धा या बाईला झोपवून टाकत नव्हती. श्रद्धेच्या प्रश्नांवर त्या आपल्या गुरुभगिनींशीही पत्रांतून कडाडून भांडल्या. अफू घेतलेली माणसे विहिरी खोदत नाहीत आणि वादही घालत नाहीत.

दुष्काळाचा विषय निघाला म्हणून एक जुना टोमणाही इथेच निकालात काढू. महाराष्ट्रातील गोरगरीब ख्रिस्ती समाजाला 'पोटासाठी बाटलेले' म्हणून हिणवले गेले आहे, आणि सुशिक्षित मराठी मनात हा शब्द अजून मेलेला नाही. टिळक आणि रमाबाई बुद्धीने आले म्हणून ते सन्माननीय, आणि दुष्काळात उपाशी आलेला मात्र लबाड, अशी ही वर्गवारी आहे. ज्या धर्माची मध्यवर्ती प्रार्थना क्षमेच्याही आधी भाकरी मागते, त्या धर्माच्या दारात कोणी भाकरीसाठी आला तर तो त्या प्रार्थनेच्या विरुद्ध वागला असे कसे म्हणावे? भुकेला परमार्थाच्या खालच्या पायरीवर बसवण्याचा मान पोट भरलेल्यांनीच मिळवलेला आहे.

त्याच समाजाची एक काळजी अशी आहे, जिला कोणत्याही प्रवचनाने लहान करू नये. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती दलित बाहेरच राहिले. धर्म बदलला म्हणून गावाने जात विसरली नाही, सवलत मात्र गेली. अशा माणसाला व्यासपीठावरून चिंता करू नकोस असे सांगणारा धर्मोपदेशक आणि त्याचे अस्तित्वच अभ्यासक्रमात न आणणारा मराठीचा विभाग, हे दोघे आम्हांला एकाच माळेचे मणी वाटतात. एक त्याची काळजी झाकतो, दुसरा त्याला झाकतो.

५

आता आमच्या शाखेला थेट विचारायचा प्रश्न. तुकाराम शिकवण्यासाठी अध्यापक वारकरी असावा लागतो असे आपण मानत नाही. तरीही तुकारामांची विठ्ठलनिष्ठा दूर सारून त्यांचे अभंग शिकवता येतील असेही कोणी म्हणत नाही. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात घरची माणसे गेली, व्यापार बुडाला, आणि त्या राखेतून ही वाणी उठली, हे आपण तळमळीने सांगतो. तिथे दैनंदिन विपत्ती आणि भक्ती यांचा सांधा आपल्याला दिसतो. मग टिळकांपाशी आणि लक्ष्मीबाईंपाशी आल्यावर आपल्या दृष्टीला काय होते? आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे टिळक स्वतः सांगत. आपण मात्र पुलाच्या अलीकडेच थांबतो आणि पलीकडच्या काठाला 'मिशनरी प्रभाव' अशी पाटी लावतो.

ही पाटी जुनी आहे. १६१६ साली गोव्यात छापलेले फादर स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' आपण भाषेच्या इतिहासात दाखवतो, त्यातील मराठीच्या गौरवाबद्दल त्याचे कौतुक करतो, आणि कोणत्या श्रद्धेने त्या परक्या माणसाला ओवीपर्यंत आणले हे विचारत नाही. बाबा पदमनजी यांचे १८५७ मधील 'यमुनापर्यटन' पहिली कादंबरी म्हणून पाठ करवून घेतले जाते; तिचे अंतरंग वाचले जात नाही. २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद 'सुबोध बायबल' लिहिणाऱ्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्याकडे आले तेव्हा ते धर्मगुरू आहेत म्हणून विरोधाचे सूर उमटले. २०२४ मध्ये ते गेले, आणि त्यांच्यावरील लेखांतून पर्यावरणाचा कार्यकर्ता, सलोख्याचा पुरस्कर्ता अशी त्यांची ओळख पुढे आली. तीही खरीच आहे. पण वसईच्या पाण्यासाठी आणि झाडांसाठी उभा राहणारा हा माणूस काळजी घेण्याचे बळ कुठून आणत होता, या प्रश्नाशी आपण पुन्हा अडखळलो. मराठी साहित्यात ख्रिस्ती माणसाला जागा आहे. त्याच्या श्रद्धेने मात्र चपलांसारखे बाहेर राहावे, असा अलिखित नियम आहे.

हा नियम मोडल्याने विद्यार्थी श्रद्धाळू होतील असे आम्हांला वाटत नाही आणि तसा आमचा हेतूही नाही. आम्हां लिहिणाऱ्यांत ख्रिस्ती आहेत तसे ख्रिस्ती नसलेलेही आहेत, आणि एक-दोघांचा कोणत्याच देवाशी व्यवहार नाही. पण आमच्यासमोर बसणारी मुले काळज्यांनी वाकलेली आहेत. नेट झाली, सेट झाली, पुढे काय? तासिका तत्त्वावर किती वर्षे काढायची? गावाकडे शेतीचे काय, घरच्या कर्जाचे काय? या मुलांना बाजार सांगतो की सगळे तुमच्या मनोवृत्तीत आहे, आणि विद्यापीठ सांगते की हा आमचा विषय नाही. साहित्याचा वर्ग हा तरी असा एक ठिकाणा असावा, जिथे काळजीला खोटे म्हटले जात नाही आणि सर्वस्वही मानले जात नाही. 'स्मृतिचित्रे' त्या कामी येऊ शकतात. मात्र त्यासाठी मत्तयाचा सहावा अध्याय आणि लूकचा बारावा अध्याय त्यांच्या शेजारी ठेवून वाचावा लागेल. जशी आपण तुकारामांच्या शेजारी गीता आणि ज्ञानेश्वरी ठेवतो, तितक्याच सहजतेने.

निदान एक बदल तर कोणत्याही अभ्यास मंडळाच्या परवानगीशिवाय करता येईल. लक्ष्मीबाईंच्या विनोदाची वैशिष्ट्ये सांगा, हा प्रश्न काही वर्षे बाजूला ठेवावा. त्याऐवजी विद्यार्थ्यांना विचारावे : लक्ष्मीबाई कशाला हसतात आणि कशाला हसत नाहीत? त्यांना पुस्तक घेऊन दोन याद्या करायला सांगाव्यात. पहिल्या यादीत सोवळे येईल, प्रतिष्ठा येईल, पैशाची चणचण येईल, नवऱ्याचा विसरभोळेपणा येईल आणि सर्वांत जास्त वेळा स्वतः लक्ष्मीबाई येतील. दुसऱ्या यादीत उपाशी मूल येईल, आजारी माणूस येईल, दारात आलेले पोरके पोर येईल. मग विचारावे, की कोणती गोष्ट कोणत्या यादीत घालायची हे या बाईला कोणी शिकवले? या प्रश्नावर वर्गात भांडण झाले तर होऊ द्यावे. एकमतापेक्षा ते भांडण लक्ष्मीबाईंच्या अधिक जवळचे असेल.